रशमध्ये उतरू का? (पथकातला ढोलवाला विचारतोय)

टिपरू | २९ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. दोन वर्षं आईच्या आयडीवरून चोरून वाचतोय, आता स्वतःचा आयडी काढून पहिलाच धागा टाकतोय. सांभाळून घ्या.

मी पुण्याचा, वय १८. बारावी करून थेट अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला आलोय. येऊन जेमतेम दोन आठवडे झालेत. गेली दोन वर्षं पथकात ढोल वाजवला. परवा तिकडे बाप्पा बसले तेव्हा मी डॉर्मच्या तळघरात ड्रायरमध्ये हरवलेला मोजा शोधत होतो. असो.

तर मंगळवारपासून इथे फ्रॅटर्निटी रश आहे. फ्रॅटर्निटी (फ्रॅट) म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावांचे मुलांचे क्लब, प्रत्येकाचं आपलं घर; आणि रश म्हणजे त्यांची नवे सदस्य निवडायची फेरी, एवढंच कळलंय. माझ्या रूममेटचे वडील कुठल्याशा फ्रॅटमध्ये होते, त्यामुळे तो जाणारच. मलाही म्हणतोय, चल, फुकट बर्गर तरी मिळतील. मला यापुढचं ओ की ठो कळत नाही. काय विचारतात? काय घालायचं? पैसे किती लागतात? आणि मुख्य म्हणजे आईला सांगू का? ती सध्या गौरींच्या गडबडीत आहे.

उंडगा | २९ ऑगस्ट

आईला फराळाच्या फोटोखाली हळूच सांग. :)

खडूस_खारीक | २९ ऑगस्ट

जाऊ नकोस. विषय संपला.

आमच्या हॉस्टेलला याला 'इंट्रो' म्हणायचे. रात्री दोनला उठवून रांगेत उभं करायचे, मान खाली, शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघायचं. महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा आला तो काही उगीच नाही. आपण इथे ते बंद पाडायला निघालोय आणि हे तिकडे पैसे भरून करून घेणार!

मिनीकाकू | ३० ऑगस्ट

खारीकराव, थोडं थांबा हो. पोरगं अजून दारातही गेलेलं नाही.

टिपरू, मी न्यू जर्सीत असते. माझी मुलगी सोरॉरिटीच्या (म्हणजे मुलींच्या फ्रॅटच्या) रशमधून गेली, त्यामुळे आम्ही घरात आठवडाभर ते नाटक भोगलंय. मुलींचं प्रकरण फार शिस्तीचं असतं. सगळ्या घरांना जायलाच लागतं, दाराशी पंचवीस मुली एका सुरात गाणी म्हणतात, प्रत्येक फेरीनंतर त्या तुझी यादी करतात आणि तू त्यांची, मग शेवटी दोन्ही याद्या जुळवून निकाल. दोन-अडीच लाखांच्या साड्या दाखवून एक घ्यायची तसं. मुलांचं त्यामानाने ऐसपैस. चार दिवस दारं उघडी, हवं त्या घरात जा, गप्पा मार, खा. मग ते आवडलेल्यांना पुढच्या फेरीचं बोलावणं धाडतात. शेवटी 'बिड', म्हणजे आमच्यात ये असं रीतसर निमंत्रण. ते घेतलंस की काही आठवडे तू 'प्लेज', हल्ली सभ्य भाषेत 'न्यू मेंबर'. मग दीक्षा.

कपडे: कॉलरचा टीशर्ट, खाकी पँट, स्वच्छ बूट. झब्बा नको. आईला मात्र आजच सांग. माझ्या लेकीने बिड मिळाल्यावर सांगितलं होतं. ते मी अजून विसरलेले नाही.

अर्धवट_देशी | ३० ऑगस्ट

मी टेक्सासमध्ये वाढलो, मराठी घरी बोलून शिकलेली आहे, चुका झाल्या तर माफ करा. मी साउथ एशियन फ्रॅटमध्ये होतो, २००० च्या दशकात. मला त्यात माझे बेस्ट फ्रेंड्स मिळाले, लग्नात सहा जण माझ्या बाजूला उभे होते. पण सांगतो, रश म्हणजे एकच संभाषण चाळीस वेळा. कुठला, मेजर (मुख्य विषय) काय, कुठल्या डॉर्ममध्ये, उन्हाळ्यात काय केलं. चार मिनिटं झाली की दुसरा ब्रदर (म्हणजे फ्रॅटचा मेंबर) येतो आणि तुला पहिल्यापासून तेच विचारतो. तुझ्याकडे एक गोष्ट पाहिजे जी कोणाकडे नाही. तुझ्याकडे ढोल आहे!! व्हिडिओ फोनमध्ये वरच ठेव.

आणि मागून काय होतं ते पण सांगतो. तू गेलास की रात्री सगळे ब्रदर्स बसतात, भिंतीवर तुझा फोटो लावतात, 'याच्याशी कोण बोललं?' विचारतात. दोन जण म्हणाले 'छान आहे', एक म्हणाला 'कोण हा?' की गेलास. काही जुन्या घरांत अजून पांढऱ्या-काळ्या गोट्या टाकून मत देतात. म्हणून एकाच माणसाशी तासभर बोलू नको, पाच जणांशी बोल.

रात्रपाळी | ३० ऑगस्ट

मी ओहायोत इमर्जन्सीत काम करते. रश या शब्दाशी माझी ओळख स्ट्रेचरवरून झाली, तेव्हा माझा चष्मा थोडा काळा आहे हे आधीच सांगते.

रशचा आठवडा नियमाने कोरडा असतो, दारू नसते. धोका बिड घेतल्यानंतरचा. २०१७ च्या फेब्रुवारीत पेन स्टेट युनिव्हर्सिटीत टिमोथी पियाझा नावाचा १९ वर्षांचा मुलगा बिड घेतला त्याच रात्री भरमसाट दारू पाजल्यावर तळघराच्या जिन्यावरून पडला. घरात कॅमेरे होते, सगळं चित्रित झालंय. पोरांनी ९११ ला (इथला तातडीच्या मदतीचा नंबर) फोन केला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, जवळपास बारा तासांनी. त्याच्या नावाने पेनसिल्व्हेनियात कायदा झाला. आमच्या ओहायोत बोलिंग ग्रीन युनिव्हर्सिटीत २०२१ मध्ये स्टोन फोल्ट्झ नावाचा मुलगा असाच जिवानिशी गेला. त्याला आख्खी बाटली संपवायला लावली होती.

घाबरवायला सांगत नाही. दोन कामाच्या गोष्टी सांगते. एक, २०२४ च्या डिसेंबरात देशपातळीवर हेझिंगविरोधी (हेझिंग म्हणजे इथलं रॅगिंग) कायदा झाला, त्यानुसार कॉलेजांना दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती जाहीर करावी लागते. तुझ्या युनिव्हर्सिटीच्या साइटवर 'हेझिंग ट्रान्स्परन्सी रिपोर्ट' शोध आणि घराचं नाव त्यात आहे का बघ. दोन, कोणी बेशुद्ध पडलं तर 'झोपू दे, उतरेल' हे वाक्य कोणी म्हणो, तू फोन करायचा. बऱ्याच राज्यांत फोन करणाऱ्या अल्पवयीन पिणाऱ्यालाही कायद्याचं संरक्षण असतं.

आणि तू व्हिसावर आहेस. इथे पिण्याचं वय २१. खोटं ओळखपत्र खिशात ठेवायचं नाही. पिऊन गाडी चालवताना अटक झाली तर नुसत्या अटकेवर व्हिसा रद्द होऊ शकतो, कोर्टाचा निकाल लागायची वाट कोणी बघत नाही.

खडूस_खारीक | ३० ऑगस्ट

मी दोन ओळींत हेच म्हणालो होतो.

रात्रपाळी | ३१ ऑगस्ट

नाही, तुम्ही जाऊ नको म्हणालात. मी डोळे उघडे ठेवून जा म्हणतेय.

टिपरू | ३१ ऑगस्ट

सगळ्यांचे आभार. आईला सांगितलं. ती म्हणाली, 'आधी अभ्यास' आणि मग बाबांना हाक मारून, 'अहो, हा तिथे कुठल्यातरी मंडळात जातोय.' तिच्या लेखी फ्रॅट म्हणजे मंडळ. वर्गणी किती, हा पहिला प्रश्न.

टिपरू | ३ सप्टेंबर, पहाटे

पहिला दिवस झाला. सहा घरं पाहिली. पाय मोडले.

घरं म्हणजे खरोखरची घरं, काही तर वाडेच. पांढरे खांब, दारावर हातभर ग्रीक अक्षरं, आत जुन्या बॅचेसचे चौकटीतले फोटो. १९३० चा फोटो पाहिला, सगळे एकाच साच्यातून काढलेले. छातीवर नावाचं स्टिकर लावायचं. माझं नाव कोणालाच उच्चारता येईना, तिसऱ्या घरापासून मी स्टिकरवर अर्धंच नाव लिहिलं.

अर्धवट_देशी, तुमचे चारही प्रश्न त्याच क्रमाने आले. ढोलाचा व्हिडिओ चालला. लक्ष्मी रोडवरची गर्दी बघून एक जण म्हणाला, हा काय फुटबॉल मॅच संपल्यावरचा दंगा आहे का? दुसऱ्याने विचारलं, ढोलाचं वजन किती? कमरेला बांधून सहा-सात तास, असं म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. तो इथल्या मार्चिंग बँडमध्ये मोठा ड्रम वाजवतो. आम्ही अर्धा तास फक्त खांद्याबद्दल आणि कमरेबद्दल बोललो. संपूर्ण दिवसात खरं बोलणं एवढंच.

एक विचित्र वाटलं. एका मोठ्या घरात रूममेटला दोन जणांनी लगेच आत नेलं (वडिलांमुळे असेल), आणि मला अलगद एका कोपऱ्यातल्या टेबलाशी आणून सोडलं. तिथे एक कोरियन, एक सौदी आणि एक चष्मेवाला मुलगा आधीच बसलेले. आमच्याशी बोलायला एकच ब्रदर, तोही घड्याळ बघत. कोणी वाईट वागलं नाही हां. पण कळलं.

मिनीकाकू | ३ सप्टेंबर

कळतं बाळा. लेकीनेही 'मागच्या खोलीतला सोफा' सांगितला होता.

चष्मिष्ट | ३ सप्टेंबर

त्या कोपऱ्यातल्या टेबलाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. थोडं लांबण लावतो.

ग्रीक अक्षरांची पहिली संस्था, फाय बीटा कॅपा, १७७६ मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली. ती पुढे विद्वानांची झाली. आज आपण ज्याला फ्रॅट म्हणतो त्याचं मूळ न्यू यॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात, १८२५ ची कॅपा अल्फा सोसायटी. गुप्त खुणा, गुप्त ब्रीद आणि निवडक माणसं. निवडक म्हटलं की कोणीतरी बाहेर आलंच. पुढे बऱ्याच मोठ्या फ्रॅटर्निटींच्या घटनेत 'गोरा' आणि 'ख्रिश्चन' ही अट लेखी होती, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. मग बाहेर राहिलेल्यांनी आपापली घरं बांधली. ज्यू मुलांची झीटा बीटा टाऊ १८९८ ची, कॉर्नेलमधल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अल्फा फाय अल्फा १९०६ ची. आपली पोरं या रांगेत फार उशिरा आली. बिंगहॅम्टनला १९९४ मध्ये आयोटा नू डेल्टा, ऑस्टिनला १९९८ मध्ये डेल्टा एप्सिलॉन साय. अर्धवट_देशी यांचं घर यांपैकीच कुठलंसं असणार.

लेखी अटी गेल्या. कोपरा राहिला. अलाबामात पारंपरिक गोऱ्या सोरॉरिटींनी कृष्णवर्णीय मुलींना खऱ्या अर्थाने दार उघडलं ते २०१३ मध्ये, तेही विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने भांडाफोड केल्यावर.

अर्धवट_देशी | ३ सप्टेंबर

कुठलं ते सांगणार नाही, शपथ घेतली आहे. :) पण हे पण सांगतो, आपलं घर म्हणून आंधळा विश्वास ठेवू नको. एशियन फ्रॅट्समध्ये पण मुलं मेली आहेत. २०१३ मध्ये न्यू यॉर्कच्या बारूक कॉलेजचा एक फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा मुलगा) पोकोनो डोंगरात, डोळे बांधून, पाठीवर वाळूची बॅग. त्या फ्रॅटला पेनसिल्व्हेनियात दहा वर्षं बंदी झाली. आमच्या वेळी पण अशा रात्री होत्या ज्या मी बायकोला सांगितल्या नाहीत. तेव्हा मी त्याला 'बाँडिंग' म्हणत होतो. आता माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि मी काय म्हणणार मला माहीत नाही.

उंडगा | ३ सप्टेंबर

हे वाचून पॉपकॉर्न खाली ठेवला.

टिपरू | ५ सप्टेंबर

दोन घरांकडून पुढच्या फेरीचं बोलावणं आलं. सहापैकी दोन. रूममेटला पाच.

एक घर मोठं, शंभरेक मुलांचं, पार्ट्यांसाठी प्रसिद्ध. दुसरं लहान, चाळीस मुलांचं, रंग उडालेलं, ड्रमवाला याच घरातला. त्या कोपऱ्यातल्या टेबलवाल्या घराने अर्थातच विचारलं नाही.

काल रात्री झोप येईना तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. पथकात मी नाव नोंदवलं तेव्हा मला कोणी 'तू कसा आहेस' विचारलंच नाही. ढोल उचल म्हणाले. पहिल्या आठवड्यात बोटं फुटली, टेप लावला, दुसऱ्या आठवड्यात ज्या पोराने टेप दिला तो मित्र झाला. आजही त्याचं आडनाव मला नक्की माहीत नाही. इथे उलट आहे. आधी आवडायचं, मग काम. आणि आवडायला चार मिनिटं.

खडूस_खारीक | ५ सप्टेंबर

पथकाचे गोडवे पुरे. माझा पुतण्या पथकात आहे. नवीन पोरं पाणी वाहतात, ढोलांची पानं ताणतात, आणि मिरवणुकीत पुढच्या रांगेत उभे राहतात अध्यक्षांचे भाचे. ध्वज कोणाच्या हातात जातो तेही बघ एकदा.

टिपरू | ५ सप्टेंबर

:) मी पहिलं वर्ष पूर्ण पानंच ताणली. खरं आहे. पण पाणी वाहताना अपमान वाटला नाही, कारण पाणी खरंच लागत होतं.

रात्रपाळी | ५ सप्टेंबर

हे वाक्य कागदावर लिहून ठेव. नव्या मुलाला जे काम सांगतात ते खरंच लागतं का, की फक्त तुला वाकवायला आहे? घर धुवायला लावलं तर आलटून पालटून सगळे धुतात की फक्त नवे?

शेवटच्या फेरीत दोन्ही घरांना सरळ विचार: दीक्षेपर्यंत आम्हाला काय काय करायला लागेल, आणि ते मी माझ्या आईला फोनवर सांगू शकेन का? उत्तरापेक्षा चेहरे बघ.

मिनीकाकू | ५ सप्टेंबर

आणि ड्यूज (म्हणजे वर्गणी) लेखी माग. पहिल्या सत्राचे, पुढच्या वर्षीचे, दंडाचे, टीशर्टांचे. टीशर्टांचे फार होतात, हसू नकोस.

टिपरू | ७ सप्टेंबर

मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

शुक्रवारी शेवटची फेरी होती. मोठ्या घरात अध्यक्षाला प्रश्न विचारला. तो हसला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, 'तुझी आई कूल आहे का?' मग सगळेच हसले. मीही हसलो, चुकून. लहान घरात ड्रमवाल्याला विचारलं. तो आत गेला आणि प्रिंटरवरून एक कागद आणून दिला. सहा आठवड्यांचं वेळापत्रक. रविवारी मीटिंग, आठवड्यात चार तास लायब्ररीत अभ्यासाची हजेरी, शनिवारी मैदानाची सफाई, सगळ्या ब्रदर्सशी एकेकदा जेवण, कोणत्या आठवड्यात 'बिग' मिळणार (म्हणजे माझा वरचा भाऊ), दीक्षेची तारीख. खाली पैसे: पहिल्या सत्राचे ९०० डॉलर, तीन हप्त्यांत चालतील. मी फोटो काढून आईला पाठवला. तिचं उत्तर: 'सोमवारी रात्री जेवण नाही लिहिलंय, विचार.'

तिथून खोलीवर आलो रात्री अकराला. तिकडे शनिवारी सकाळ, कसब्याचा गणपती निघाला होता. लॅपटॉपवर मिरवणूक लावली, आवाज बारीक. रूममेट बाहेर. चौकात आमचं पथक कधी येईल म्हणून बघत बसलो आणि ते आलं तेव्हा मला डुलकी लागलेली. मित्राचा मेसेज होता: 'दिसलो का?' मी 'हो' लिहिलं.

बिड शनिवारी संध्याकाळी. दोन ब्रदर डॉर्मच्या दारात, हातात लिफाफा. लहान घराचं. मोठ्या घराकडून काहीच नाही, साधा मेसेजही नाही. खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं वाईट वाटलं. ज्या घरात जायचं नव्हतं त्याने नाही म्हटल्याचं वाईट कसं वाटतं हे कोणी सांगेल का?

बाबांशी बोललो. ९०० डॉलर म्हणजे ऐंशी हजारांच्या घरात, आणि शिक्षण कर्जाचं. बाबा म्हणाले, येत्या सुट्टीचं तिकीट काढणार होतो ते काढत नाही, चालेल? चालेल म्हणालो.

सही केली.

उंडगा | ७ सप्टेंबर

अभिनंदन रे! मोरया!!

खडूस_खारीक | ७ सप्टेंबर

वेळापत्रक छापून देणाऱ्या पोरांबद्दल मला आत्ता काही वाईट बोलता येत नाहीये. शोधतोय.

टिपरू | २ ऑक्टोबर

धागा वर काढतोय, पण माझ्यासाठी नाही.

रूममेटने सगळ्यात नावाजलेल्या घराची बिड घेतली. तेव्हापासून त्याचा फोन रात्री दोन-अडीचला वाजतो. तो उठून जातो. कधी कोणाला गाडीने आणायला, कधी म्हणे फक्त बर्गर पोचवायला. परत येऊन बूट घालूनच झोपतो. गेल्या आठवड्यात त्याचे दोन्ही गुडघे सोलवटलेले होते. विचारलं तर म्हणतो, 'सगळे करतात, सहाच आठवडे.' मी काय करू? तक्रार केली तर त्याला कळेल मीच केली.

रात्रपाळी | २ ऑक्टोबर

निनावी तक्रारीची सोय बहुतेक कॉलेजांत असते, तुझ्या डीनच्या ऑफिसच्या पानावर बघ. पण त्याआधी त्याच्याशी एकदा बोल, रात्री नको, दिवसा, जेवताना. 'सोड' म्हणू नकोस. तुझ्या घराचं वेळापत्रक त्याला दाखव. नुसतं दाखव. आणि त्याचा फोन येऊन तो गेला की कुठे गेलास एवढं विचारून ठेव. माझ्याकडे जी मुलं येतात, ती कुठून आली हे सांगायला बरोबर कोणी नसतं.

अर्धवट_देशी | ३ ऑक्टोबर

+१. आणि त्याच्या वडिलांचं प्रेशर विसरू नको. लेगसी मुलगा (ज्याचे वडील पण फ्रॅटमध्ये होते) सोडतो तेव्हा तो फक्त क्लब सोडत नाही.

टिपरू | २० ऑक्टोबर

दोन बातम्या.

रूममेटने सोडलं. मी कागद दाखवला होता, त्याने वाचला, काही बोलला नाही. मधल्या परीक्षेचे मार्क आले त्या रात्री फोन वाजला आणि त्याने तो उशीखाली सरकवला. कारण विचारलं तर म्हणतो, कॅल्क्युलस. त्याचे वडील आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. गुडघ्यांबद्दल तक्रार मी केली, निनावी. त्याला सांगूनच केली. त्याचं पुढे काय होतंय बघू.

दुसरी, माझी दीक्षा काल झाली. काय झालं ते सांगता येत नाही, पण आईला सांगता येईल असंच होतं. (तिने विचारलं, कंटाळवाणं होतं का? थोडंसं, हो.)

आता खरा प्रश्न, आणि तो तातडीचा आहे. घराचा स्वयंपाकी रविवारी सुट्टीवर असतो. रविवारी रात्री दोन नव्या मुलांनी चाळीस जणांचं करायचं. माझी पाळी या रविवारी. पास्ता सगळेच करतात. मी म्हणालो मिसळ. मटकी किती लागेल? इंडियन स्टोअर चाळीस मिनिटांवर आहे, एकदाच जाता येईल.

मिनीकाकू | २० ऑक्टोबर

कोरडी मटकी दोन किलो पुरे. आज बुधवार समज, गुरुवारी रात्री भिजव. तिकडे थंडी पडली असेल, मोड यायला दोन दिवस धर, ओव्हनमध्ये दिवा लावून ठेव.

टिपरू | २० ऑक्टोबर

काकू, आज सोमवार आहे.

मिनीकाकू | २० ऑक्टोबर

मग वेळच वेळ. कटाला सुकं खोबरं आण, डेसिकेटेड नको, वाटी आण.

खडूस_खारीक | २० ऑक्टोबर

पुण्याची करणार की कोल्हापूरची ते आधी सांग. चाळीस अमेरिकन पोरांना पुण्याची गोड मिसळ घालणार असशील तर ते हेझिंगमध्ये मोडतं.

उंडगा | २० ऑक्टोबर

खिक्! पाव विसरू नकोस. तिकडचे बर्गरचे बन चालतील का?

मिनीकाकू | २१ ऑक्टोबर

अजिबात नाही.